पाऊणकी

भाऊच्या धक्क्यावर धाकू नाखव्याचा नातू निनाद
मोबाइल पुढे करतो: भरती तीन वाजून चार मिनिटांनी.
मी बोटांवर मोजते. आज चतुर्थी.
चार पाऊण तीन.
"मावशी, तुमच्याकडे पण ॲप आहे?"
आहे, म्हटलं. फार जुनं. अपडेट होत नाही.

नकाशावर कासवीला नाव नाही, नुसता आकडा,
आणि शेजारी दिव्याची खूण.
त्या दिव्यात रॉकेल घालायला आबा जायचे,
पोर्टाची खाकी अर्धी चड्डी, कमरेच्या दोरीला किल्ली,
आणि शाळेला सुटी असली की होडीत मी,
काच पुसायच्या फडक्यांच्या गाठोड्यावर.
तिथी सांग, पाऊणपट कर, ती भरतीची वेळ.
एवढं येत असेल तरच होडीत बसायचं.

बावन्न वर्षं झाली.
निनाद इंजिन बंद करून वल्ह्याने तळ चाचपतो.
"गाळ लई वाढलाय इथं. सांभाळून उतरा."

लहानपणीच्या जागा परत गेल्यावर लहान निघतात,
असं मला सगळ्यांनी बजावलं होतं.
मी तशा तयारीने आले होते.
पण कासवी मोठी झाली आहे.
उतरायच्या दगडापासून दिव्यापर्यंत नव्वद पावलं होती,
आठ वर्षांच्या मुलीची, कालवांवरून, भावाच्या ढगळ बुटांतली.
आज गुडघा धरून का होईना, लांब ढांगा टाकते,
तर एकशे सव्वीस.
जिथे पाणी होतं तिथे तिवरं उभी आहेत, माझ्या खांद्याएवढी.
खेकड्यांनी घरं बांधलीत.
त्यांच्या लेखी ही जागा पहिल्यापासून अशीच.

दिवा आता आपला आपण लागतो.
वर सौर पाटी, पाटीवर बगळ्यांची शिट.
शिडी तीच, खालच्या पायऱ्या गाळात गेलेल्या.
फडकं मी आणलं होतं.
पर्समध्येच राहू देते.

ती अष्टमी होती. भांगाचं पाणी,
होडी जेमतेम तरंगेल एवढंच.
आबांनी विचारलं, कधी निघायचं गं?
मी एका दमात म्हणून दाखवलं: पावणेसात.
पाढ्याची एक ओळ पुढे गेले होते.
आबा म्हणाले, बरं,
आणि वात कापत बसले.
पावणेसातला होडी चिखलात कुशीवर निजली होती.

रात्रभर आम्ही इथे. दोघांत दीड भाकरी, सुका जवळा.
पलीकडे मुंबई, नुसती उजेडाची,
आणि तिच्यात कुठेतरी आई, कडी न लावता बसलेली.
आबांनी मला वर नेलं, चावीचं चक्र दाखवलं:
चार आकडे उजेड, सहा आकडे काळोख.
"काळोखाचे पण मोजायचे," म्हणाले,
"नाहीतर खलाशाला कळणार कसं, हा कुठला दिवा?"
मी मोजता मोजता झोपले.
ते झोपले नसावेत.

ही माझी चूक मी आयुष्यभर सांगत आले.
सासरी, बँकेत, आता नातवाला. सगळे हसतात, मीही.
आज शिडीला टेकून, गाळावर पाणी चढताना बघत असता
पहिल्यांदा डोक्यात आलं,
ज्या माणसाला झोपेतही पाऊणकी यायची
तो बरं का म्हणाला?

आईच्या ट्रंकेत पोर्टाचं एक पत्र निघालं होतं.
अमुक तारखेपासून दिवा यंत्रावर,
परशुराम पागधरे यांनी गोदीत हजर व्हावं.
तारीख मी तेव्हा नीट पाहिली नव्हती.
घरी गेल्यावर पाहीन.
किंवा राहू दे.

"मावशी, पाणी भरलं! निघायचं?"
मी ओरडून सांगते, वेळ आहे अजून, पावणेचारला उतरेल.
निनाद मोबाइलकडे बघतो,
मग शिडीकडे, माझ्याकडे.
"बरं," म्हणतो,
आणि इंजिनावर बूड टेकून डबा उघडतो.